माशांच्या अंड्यांची उबवण व जलतापमान

माशाच्या फलित अंड्यात भ्रूणाची वाढ पूर्ण झाल्यावर अंड्याचे आवरण फुटते व डिंभ (भ्रूणानंतरची, प्रौढाहून वेगळी दिसणारी अवस्था) बाहेर पडतो. फलनापासून आवरण फुटेपर्यंतच्या काळास उबवणीचा काळ म्हणतात. पक्ष्यांची अंडी मादीच्या अंगच्या उबेवर वाढतात. बहुतेक माशांच्या अंड्यांना अशी ऊब मिळत नाही. ती भोवतालच्या पाण्यातच वाढतात आणि पाण्याचे जे तापमान असेल तेच त्यांचेही असते. त्यामुळे उबवणीचा काळ, जगणाऱ्या अंड्यांचे प्रमाण, बाहेर पडणाऱ्या डिंभांचे आकारमान व सुदृढता या सर्व गोष्टी पाण्याच्या तापमानावर अवलंबून असतात. पाण्यातील ऑक्सिजन, लवणता, प्रकाश व प्रवाह यांचाही परिणाम होतो. तथापि या सर्व घटकांत तापमान हा सर्वांत महत्त्वाचा मानला जातो.

पाणी तापले, तर प्रौढ मासा खोल किंवा दूरच्या थंड पाण्यात जाऊ शकतो. अंड्याला ही सोय नसते. ते प्रवाहाबरोबर वाहत जाते किंवा जेथे चिकटले असेल तेथेच राहते व मिळेल ते तापमान सोसते. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात उतरविल्या जाणाऱ्या तारली, बांगडा यांसारख्या माशांच्या बाबतीत अंड्याची ही परस्वाधीन अवस्था सु. एक दिवसाची असते. पुढील हंगामात जाळ्यात किती मासे येतील, याचा काही भाग या अल्प अवधीत ठरत असतो.

अंड्याची रचना व फुटण्याची क्रिया : माशाच्या अंड्यात पीतक (भ्रूणाचे पोषण करणारा अन्नसाठा) व त्याच्या एका टोकाला जीवद्रव्याचा लहानसा भाग असतो. सर्वांबाहेर चिवट आवरण असून त्यावरील सूक्ष्म छिद्रातून शुक्राणू आत शिरतो. फलनानंतर अंडे पाणी शोषून घेते. आवरण व पीतक यांच्यामध्ये द्रवाने भरलेली पोकळी तयार होते आणि या द्रवात भ्रूण वाढतो. अनेक सागरी माशांच्या अंड्यांत तेलाचा एक किंवा अनेक बिंदू असतात. त्यांमुळे अंडे हलके होऊन तरंगण्यास मदत होते.

माशांच्या अंड्यांचे स्थूलमानाने दोन प्रकार आहेत. तारली, बांगडा, जिताडा इ. सागरी माशांची अंडी सु. १ मिमी. व्यासाची, पारदर्शक व तरती असतात. ती पृष्ठभागाजवळच्या पाण्यात प्लवकांबरोबर (पाण्यात तरंगत राहणाऱ्या सूक्ष्म जीवांबरोबर) वाहत जातात. दुसऱ्या प्रकारची अंडी जड किंवा चिकट असून ती तळावर, दगडांवर किंवा पाणवनस्पतींवर राहतात. सायप्रिनस अथवा सामान्य कार्प या माशाची अंडी पाणवनस्पतींना चिकटतात, तर ट्राऊट माशाची अंडी प्रवाहाच्या तळाशी असलेल्या खडीत पुरलेली असतात. रोहू, कटला व मृगळ या भारतीय कार्प माशांची अंडी न चिकटणारी, पण पाण्याहून किंचित जड असतात. नदीच्या वाहत्या पाण्यात ती तरंगत राहतात व स्थिर पाण्यात तळाशी जातात. पृष्ठभागावरील अंड्यांना उन्हाने तापलेल्या पाण्याचा परिणाम थेट भोगावा लागतो, म्हणून हा फरक तापमानाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे.

वाढीच्या अखेरीस भ्रूणाच्या त्वचेतील विशिष्ट ग्रंथींतून एक एंझाइम (जीवरासायनिक विक्रिया घडवून आणणारे प्रथिन) स्रवते. त्यामुळे आवरणाचा आतील थर विरघळून पातळ होतो व भ्रूणाच्या शेपटीच्या फटकाऱ्यांनी ते फुटते. आवरण फुटण्यास हे रासायनिक कार्य व शरीराची हालचाल अशा दोन्ही गोष्टी लागतात आणि दोन्ही तापमानावर अवलंबून असतात. पाणी फार थंड असेल, तर भ्रूण पूर्ण वाढूनही आवरण फोडू शकत नाही व आतच मरतो. पाणी फार उष्ण असेल, तर एंझाइम वेळेआधी स्रवते व डिंभ अपक्व स्थितीत बाहेर येतो.

तापमान व वाढीचा वेग : मासे अनियततापी (शरीराचे तापमान परिसराच्या तापमानाप्रमाणे बदलणारे) प्राणी आहेत. रासायनिक विक्रियांचा वेग तापमानाबरोबर वाढतो. सजीवांतील अनेक विक्रियांचा वेग १०° से. तापमानवाढीस साधारणपणे दुप्पट ते तिप्पट होतो. माशाच्या अंड्यातील पेशीविभाजनही याच प्रमाणात जलद होते व उबवणीचा काळ कमी होतो.

हा संबंध मोजण्यासाठी अंशदिवस हे एकक वापरतात. पाण्याचे सरासरी तापमान (अंश सेल्सियस) व उबवणीस लागलेले दिवस यांचा गुणाकार म्हणजे अंशदिवस होत. उदा., १०° से. तापमानाच्या पाण्यात अंडी फुटण्यास ३१ दिवस लागले, तर ते ३१० अंशदिवस होतात. एखाद्या जातीचे अंशदिवस माहीत असल्यास पाण्याचे तापमान पाहून अंडी केव्हा फुटतील, याचा अंदाज बांधता येतो. हा गुणाकार मात्र सर्व तापमानांना नेमका सारखा राहत नाही. थंड पाण्यातील इंद्रधनुषी ट्राऊट या माशाच्या अंड्यांविषयी उबवणी केंद्रांतील अनुभवावरून मिळालेले पुढील आकडे या दृष्टीने उद्‌बोधक आहेत.

तापमान ४.४° से. : ८० दिवस (सु. ३५२ अंशदिवस)
तापमान ७.२° से. : ४८ दिवस (सु. ३४६ अंशदिवस)
तापमान १०.०° से. : ३१ दिवस (३१० अंशदिवस)
तापमान १२.८° से. : २४ दिवस (सु. ३०७ अंशदिवस)
तापमान १५.६° से. : १९ दिवस (सु. २९६ अंशदिवस)

वरील आकड्यांत तापमानाचा प्रत्येक टप्पा २.८° से. इतकाच आहे, परंतु पहिल्या टप्प्यात उबवणीचा काळ ३२ दिवसांनी घटतो, तर शेवटच्या टप्प्यात केवळ ५ दिवसांनी घटतो. म्हणजे थंड पाण्यात तापमान थोडे वाढले तरी काळात मोठी बचत होते. उष्ण पाण्यात तेवढ्याच वाढीने होणारी बचत अल्प असते. याउलट तापमान जसजसे त्या जातीच्या वरच्या मर्यादेजवळ जाते, तसतसा धोका मात्र झपाट्याने वाढत जातो. उष्ण कटिबंधातील माशांच्या बाबतीत ही गोष्ट विशेष ध्यानात घेण्यासारखी आहे.

निरनिराळ्या जातींचा उबवणीचा काळ : उबवणीचा काळ जातीनुसार व ती जात ज्या पाण्यात विकसित झाली त्या पाण्याच्या तापमानानुसार बदलतो. उत्तर अटलांटिक महासागरातील कॉड माशाच्या अंड्यांना ५°–६° से. तापमानाच्या पाण्यात सु. दोन आठवडे किंवा थोडा अधिक काळ लागतो. सामान्य कार्प माशाच्या अंड्यांना ६०–७० अंशदिवस, म्हणजे २०°–२३° से. तापमानास सु. तीन दिवस लागतात. रोहू, कटला व मृगळ यांची अंडी २७°–३१° से. तापमानाच्या पाण्यात सु. १४–१८ तासांत फुटतात. जिताड्याची अंडी २६°–२८° से. तापमानाच्या खाऱ्या पाण्यात सु. १७–१८ तासांत फुटतात. तारलीच्या अंड्यांना सु. एक दिवस लागतो. प्रवाळ खडकांत राहणाऱ्या विदूषक माशाची अंडी खडकाला चिकटलेली असून नर त्यांची राखण करतो. त्यांना २७°–२९° से. तापमानासही सु. एक आठवडा लागतो व ती अंधार पडल्यावर फुटतात.

यावरून तापमान सारखे असले, तरी काळ सारखा असतोच असे नाही, हे दिसून येते. अंड्याचे आकारमान, पीतकाचे प्रमाण व डिंभ कोणत्या अवस्थेत बाहेर पडतो यांवरही काळ अवलंबून असतो. तरत्या लहान अंड्यांतून बाहेर पडणारा डिंभ अत्यंत अविकसित असतो. त्याचे तोंड उघडलेले नसते व डोळ्यांत रंगद्रव्य नसते. पुढील दोन-तीन दिवस तो पीतक कोशातील अन्नावर जगतो. ट्राऊटच्या मोठ्या अंड्यातून बाहेर पडणारा डिंभ त्या मानाने बराच वाढलेला असतो.

तापमानाच्या मर्यादा व विकृती : प्रत्येक जातीच्या अंड्यांना मानवणारा तापमानाचा एक पट्टा असतो. या पट्ट्यात फुटणाऱ्या अंड्यांचे प्रमाण अधिक असते व पट्ट्याच्या दोन्ही टोकांस ते झपाट्याने घटते. फलनानंतरच्या पहिल्या काही तासांत पेशींचे विभाजन होते आणि पेशींचे थर एकमेकांवर सरकून शरीराची मूळ मांडणी ठरते. हा काळ तापमानाच्या दृष्टीने सर्वांत नाजूक असतो. याच काळात तापमान मर्यादेबाहेर गेल्यास अंडी मोठ्या प्रमाणात मरतात किंवा वाकडा कणा, आखूड शेपटी, हृदयाभोवती पाणी साठणे, जबड्याची अपुरी वाढ अशा विकृती निर्माण होतात. अशी विकृत पिले अंड्यातून बाहेर पडली, तरी पोहता न आल्याने वा अन्न पकडता न आल्याने लवकरच मरतात. म्हणून किती अंडी फुटली, एवढ्यावरून उबवणीचे यश ठरविता येत नाही. बाहेर आलेल्या पिलांपैकी किती सुदृढ आहेत, हेही पाहावे लागते.

मानवणाऱ्या पट्ट्याच्या आतही तापमानाचे परिणाम होत असतात. अधिक उष्ण पाण्यात डिंभ लवकर बाहेर येतात, परंतु ते सामान्यतः लांबीने लहान असतात व त्यांच्याजवळचा पीतकाचा साठा लवकर संपतो. अमेरिकन मत्स्यशास्त्रज्ञ डेव्हिड स्टार जॉर्डन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस असे दाखविले, की थंड पाण्यातील माशांत उष्ण पाण्यातील त्यांच्या आप्त माशांपेक्षा मणक्यांची संख्या सामान्यतः अधिक असते. पुढे डॅनिश शास्त्रज्ञ आगे वेडेल टॉनिंग यांनी ट्राऊट माशावर प्रयोग केले. भ्रूणावस्थेतील एका ठराविक अल्प काळात पाण्याचे तापमान बदलले, तर मणक्यांची संख्या बदलते, असे त्यांना आढळले. म्हणजे अंड्यात असताना अनुभवलेल्या तापमानाची खूण माशाच्या सांगाड्यात आयुष्यभर राहते.

उष्ण पाण्यात भ्रूण मरण्याचे एक महत्त्वाचे कारण ऑक्सिजनची टंचाई हे होय. तापमान वाढले की पाण्यात विरघळणारा ऑक्सिजन कमी होतो. गोड्या पाण्यात २०° से. तापमानास दर लिटरमध्ये सु. ९.१ मिग्रॅ. ऑक्सिजन राहू शकतो, तर ३०° से. तापमानास सु. ७.५ मिग्रॅ. राहतो. समुद्राच्या पाण्यात हेच प्रमाण अनुक्रमे सु. ७.४ व ६.२ मिग्रॅ. असते. त्याच वेळी भ्रूणाची ऑक्सिजनची गरज मात्र वाढलेली असते. भ्रूणाला कार्यक्षम कल्ले नसतात व त्याचे रक्ताभिसरणही पूर्ण विकसित झालेले नसते. आवरणातून झिरपून येईल तेवढ्याच ऑक्सिजनवर त्याला भागवावे लागते. पुरवठा घटतो व मागणी वाढते, या दुहेरी ताणामुळे भ्रूणाची उष्णता सोसण्याची शक्ती प्रौढ माशापेक्षा कमी असते. जर्मनीतील आल्फ्रेड व्हेगेनर संस्थेच्या शास्त्रज्ञांनी ६९४ जातींच्या माहितीचे विश्लेषण करून २०२० साली हाच निष्कर्ष मांडला. भ्रूण व अंडी घालण्याच्या बेतात असलेले प्रौढ मासे यांचा मानवणाऱ्या तापमानाचा पट्टा डिंभ व इतर प्रौढ मासे यांच्या पट्ट्यापेक्षा बराच अरुंद असतो, असे त्यांना दिसून आले.

तापमान किती आहे याइतकेच ते किती वेगाने बदलते, यालाही महत्त्व आहे. हळूहळू होणारा काही अंशांचा बदल अंडी सोसू शकतात, परंतु तेवढाच बदल काही मिनिटांत झाल्यास ती मरतात. याशिवाय तापमानाचा अप्रत्यक्ष परिणामही होतो. मेलेल्या अंड्यांवर कवक (बुरशी) वाढते व ते शेजारच्या जिवंत अंड्यांवर पसरते. थंड पाण्यात उबवणीचा काळ लांबला, तर या कवकास अधिक अवधी मिळतो. उष्ण पाण्यात जंतूंची वाढ जोमाने होते.

कोकण किनाऱ्यावरील परिस्थिती : मिरकरवाडा हे रत्नागिरी शहरातील मासेमारी बंदर महाराष्ट्राच्या प्रमुख मासेमारी बंदरांपैकी एक आहे. रत्नदुर्ग किल्ल्याच्या टेकडीच्या आडोशाने ते वसले आहे. तारली, बांगडा, सुरमई, राणी मासा, वाकटी, पापलेट, माकूळ, कोळंबी इ. मासळी येथे उतरविली जाते. या परिसरात मत्स्यविषयक अभ्यासाचीही परंपरा आहे. शहरातील पेठकिल्ला भागात सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्र १९५८ साली स्थापन झाले व पुढे ते दापोली येथील कोकण कृषी विद्यापीठाकडे (स्थापना १९७२) आले. याच विद्यापीठाचे मत्स्य महाविद्यालय शिरगाव (रत्नागिरी) येथे १९८१ मध्ये सुरू झाले.

रत्नागिरीसमोरील समुद्राच्या पृष्ठभागाचे तापमान हिवाळ्यात सु. २६°–२७° से. असते व मे महिन्यात ते सु. ३०° से. पर्यंत चढते. पावसाळ्यात ढगाळ हवा, जोराचे वारे व पाण्याचे घुसळणे यांमुळे ते दोन-तीन अंशांनी उतरते आणि ऑक्टोबरमध्ये पुन्हा थोडे वाढते. वर्षभरातील हा चढउतार जेमतेम तीन-चार अंशांचा आहे. समशीतोष्ण कटिबंधातील समुद्रांत उन्हाळा व हिवाळा यांतील फरक दहा अंशांहूनही अधिक असतो. तेथील माशांच्या तुलनेने कोकणातील मासे स्थिर तापमानात वाढलेले आहेत. त्यांच्या अंड्यांना मानवणारा पट्टा मुळातच अरुंद असतो व मे महिन्यातील तापमान त्या पट्ट्याच्या वरच्या टोकाजवळ असते. अशा पाण्यात आणखी एका अंशाची वाढ झाली, तर उबवणीचा काळ एखाद-दुसऱ्या तासानेच घटेल, मात्र मर्यादा ओलांडली जाण्याचा संभव बराच वाढेल.

भारताच्या पश्चिम किनाऱ्यावरील काही प्रमुख माशांची अंडी घालण्याची वेळ या ऋतुचक्राशी जुळलेली आहे. तारली नैर्ऋत्य मोसमी पावसाच्या काळात, मुख्यत्वे जून ते ऑगस्टमध्ये अंडी घालते. बांगड्याचा अंडी घालण्याचा काळ अधिक लांब असून त्याचा मोठा भाग पावसाळ्यात येतो. या काळात पृष्ठभागाचे पाणी निवते. दक्षिणेकडील किनाऱ्यालगत खोलवरचे थंड व पोषक द्रव्यांनी युक्त पाणी वर येते. केरळ-कर्नाटकच्या किनाऱ्यावर हा प्रकार ठळक असून उत्तरेकडे कोकणाच्या दिशेने तो क्षीण होत जातो. या पोषक द्रव्यांमुळे वनस्पतिप्लवकांची विपुल वाढ होते व त्यांवर जगणारे सूक्ष्म प्राणी वाढतात. माशाच्या डिंभाचा पीतक कोश संपतो, त्या वेळी हे सूक्ष्म अन्न त्याला मिळावे लागते.

या वेळेच्या जुळणीस फार महत्त्व आहे. पीतक संपल्यावर अन्न न मिळाल्यास डिंभ फार काळ जगत नाहीत. माशांच्या पिढ्यांचे लहानमोठेपण या आणीबाणीच्या काळात ठरते, अशी कल्पना नॉर्वेजियन शास्त्रज्ञ यूहान यूर्ट यांनी १९१४ मध्ये मांडली. ब्रिटिश शास्त्रज्ञ डेव्हिड कुशिंग यांनी पुढे ती विकसित केली. डिंभ बाहेर पडण्याची वेळ व अन्नाच्या विपुलतेची वेळ जुळली, तर पिढी मोठी होते. न जुळल्यास ती लहान राहते, असे त्यांचे प्रतिपादन आहे. पाण्याचे तापमान बदलले, तर प्रौढ माशांच्या जननग्रंथी पक्व होण्याची वेळ, अंडी फुटण्याची वेळ व पीतक संपण्याची वेळ या तिन्ही पुढेमागे होतात. वनस्पतिप्लवकांची वाढ मात्र वारा, प्रकाश व पोषक द्रव्ये यांवरही अवलंबून असल्याने ती त्याच प्रमाणात सरकतेच असे नाही. अंडी सुखरूप फुटूनही पिढी वाया जाण्याचा संभव येथे निर्माण होतो.

कोकणच्या पाण्यात तापमानाशी निगडित आणखी तीन गोष्टी आढळतात. पहिली म्हणजे, पावसाळ्याच्या उत्तरार्धापासून ऑक्टोबरपर्यंत पश्चिम किनाऱ्यालगतच्या उथळ सागरी मंचावर खालच्या थरात ऑक्सिजनचे प्रमाण अत्यंत कमी होते. गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या (स्थापना १९६६) शास्त्रज्ञांनी याविषयीचे निष्कर्ष २००० साली प्रसिद्ध केले. वरचे पाणी उबदार व हलके असल्याने ते खालच्या थरात मिसळत नाही. त्यामुळे तळाजवळील अंड्यांना ऑक्सिजन मिळणे कठीण होते. दुसरी गोष्ट म्हणजे खाड्यांतील पाणी. काजळीसारख्या नद्यांच्या मुखाशी उथळ पाणी उन्हाने लवकर तापते व पावसाच्या लोंढ्याने लवकर निवते. त्याच वेळी लवणताही घटत असल्याने तरत्या अंड्यांची तरंगण्याची क्षमता कमी होऊन ती खाली जातात. तिसरी गोष्ट चक्रीवादळांची. वादळामुळे खालचे थंड पाणी वर येऊन पृष्ठभागाचे तापमान एक-दोन दिवसांत काही अंशांनी उतरू शकते. मे २०२१ मधील ‘तौक्ते’ हे वादळ कोकण किनाऱ्याला समांतर उत्तरेकडे गेले. ज्या अंड्यांचे सारे आयुष्यच एक दिवसाचे, त्यांच्या दृष्टीने असा बदल फार मोठा असतो.

उबवणी केंद्रातील उपयोग : तापमानाचे नियंत्रण करून अंड्यांची वाढ मंद किंवा जलद करता येते, या तत्त्वाचा मत्स्यसंवर्धनात पूर्वीपासून उपयोग केला जातो. १८६४ साली ‘नॉरफोक’ या जहाजातून सॅमन व ट्राऊट यांची अंडी इंग्लंडहून टास्मानियात नेण्यात आली. जेम्स यूल यांच्या योजनेनुसार ती शेवाळात गुंडाळून बर्फाच्या साठ्यात ठेवली होती. थंडीमुळे भ्रूणांची वाढ इतकी मंदावली, की तीन महिन्यांचा व विषुववृत्त ओलांडणारा प्रवास संपल्यावरही बरीच अंडी जिवंत होती. भारतात काश्मीर व निलगिरी येथे विसाव्या शतकाच्या आरंभी ट्राऊट मासा रुजविण्यात आला, तोही दूरवरून थंड स्थितीत आणलेल्या अंड्यांच्या साहाय्याने. भ्रूणाचे डोळे आवरणातून काळ्या ठिपक्यांसारखे दिसू लागल्यावर अंडी धक्के व तापमानबदल अधिक सोसतात, म्हणून वाहतुकीसाठी ही अवस्था निवडतात.

भारतीय कार्प माशांचे प्रेरित प्रजनन (संप्रेरकाचे अंतःक्षेपण करून अंडी घालावयास लावणे) हीरालाल चौधरी व के. एच. अलिकुन्ही यांनी १९५७ मध्ये ओरिसातील अंगूल येथे यशस्वी केले. तेव्हापासून ठराविक वेळी मोठ्या संख्येने अंडी मिळू लागली व त्यांच्या उबवणीचे नियंत्रण हा महत्त्वाचा प्रश्न बनला. आरंभी तळ्यात बांधलेल्या कापडी पेटीत (हाप्यात) अंडी उबवीत. तळ्याचे पाणी दुपारी तापले किंवा हवा ढगाळ होऊन ऑक्सिजन घटला, तर सर्व अंडी नाश पावत. पुढे प्रचारात आलेल्या चिनी पद्धतीच्या गोल हौदांत पाणी सतत फिरते ठेवतात. त्यामुळे अंडी तरंगत राहतात, ऑक्सिजन मिळतो व तापमान सर्वत्र सारखे राहते. महाराष्ट्रात या माशांचे बीज मुख्यत्वे पावसाळ्याच्या आरंभी तयार करतात, कारण पावसाने निवलेले पाणी अंड्यांना मानवते. प्रजननासाठी सायंकाळी अंतःक्षेपण केल्यास अंडी रात्रीच्या थंड वेळात घातली जातात व त्यांचा नाजूक काळ उन्हापूर्वी पार पडतो.

रायगड जिल्ह्यातील खारजमिनीच्या तळ्यांत वाढविला जाणारा जिताडा पूर्वी केवळ खाडीतून मिळणाऱ्या पिलांवर अवलंबून होता. चेन्नई येथील केंद्रीय खारे जल मत्स्यसंवर्धन संस्थेने १९९७ मध्ये त्याचे बंदिस्त प्रजनन साध्य केले. या माशाच्या उबवणीत तापमानाबरोबर लवणताही सांभाळावी लागते. अंडी किंवा पिले एका पाण्यातून दुसऱ्या पाण्यात सोडताना त्यांची पिशवी काही वेळ नव्या पाण्यावर तरंगत ठेवून दोन्ही तापमाने हळूहळू सारखी करण्याची पद्धत सर्वत्र रूढ आहे.

सागराचे तापणे व त्याचे परिणाम : पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. १९०१ ते २०१२ या काळात पश्चिम हिंदी महासागराच्या उष्ण कटिबंधीय भागातील पृष्ठभागाचे उन्हाळी तापमान सु. १.२° से. ने वाढल्याचे त्यात दाखविले आहे. इतर उष्ण कटिबंधीय सागरांच्या तुलनेत ही वाढ अधिक आहे.

या वाढीला मासे दोन प्रकारे प्रतिसाद देताना दिसतात. पहिला प्रकार स्थलांतराचा. पूर्वी मुख्यत्वे मलबार किनाऱ्यापुरती मर्यादित असलेली तारली १९८५ नंतर उत्तरेकडे व पूर्व किनाऱ्याकडे अधिक प्रमाणात मिळू लागली, असे केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेतील ई. विवेकानंदन व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले. उत्तरेकडील पाणी उबदार होऊन या माशाला मानवू लागले, हे त्याचे एक कारण मानले जाते. दुसरा प्रकार वेळ बदलण्याचा. याच शास्त्रज्ञांना चेन्नईजवळच्या समुद्रातील राणी माशाच्या जातींत १९८१ ते २००४ या काळात असे आढळले, की एप्रिल ते सप्टेंबर या उष्ण महिन्यांत अंडी घालणाऱ्या माद्यांचे प्रमाण घटत गेले व ऑक्टोबर ते मार्च या थंड महिन्यांत ते वाढत गेले. अंड्याला जागा बदलता येत नाही, परंतु अंडी घालणाऱ्या माशाला जागा किंवा वेळ बदलता येते, असा याचा अर्थ होतो.

स्थानिक स्वरूपाच्या तापमानवाढीचाही येथे विचार करावा लागतो. तारापूर अणुवीज केंद्रासारखी (आरंभ १९६९) किनाऱ्यावरील वीज केंद्रे यंत्रे थंड करण्यासाठी समुद्राचे पाणी घेतात व ते तापलेल्या स्थितीत परत सोडतात. औष्णिक वीज केंद्रांच्या बाबतीत सोडलेल्या पाण्याचे तापमान परिसरातील पाण्यापेक्षा ७° से. हून अधिक असू नये, असा भारतातील नियम १ जून १९९९ नंतरच्या नव्या केंद्रांना लागू आहे. पाणी सोडण्याच्या जागेजवळून वाहत जाणाऱ्या अंड्यांना काही मिनिटांत अनेक अंशांचा बदल सोसावा लागतो. म्हणून अशा जागा निवडताना अंड्यांच्या व डिंभांच्या विपुलतेचे क्षेत्र टाळणे इष्ट ठरते.

मासेमारी बंदीच्या काळाशी असलेला संबंध : कोकणातील मच्छीमार परंपरेने पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवतात व नारळी पौर्णिमेला समुद्राची पूजा करून पुन्हा मासेमारी सुरू करतात. खवळलेल्या समुद्रापासून बचाव हा या प्रथेचा एक हेतू, तर माशांना अंडी घालण्यास उसंत मिळणे हा तिचा दुसरा लाभ होय. महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम १९८१ मध्ये झाला. त्याखाली यांत्रिक नौकांना पावसाळ्यात मासेमारीस बंदी घालण्यात येते. २०२४ साली ही बंदी १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची होती.

बंदीच्या तारखा दिनदर्शिकेने ठरतात. माशांच्या जननग्रंथींची पक्वता व अंड्यांची वाढ मात्र पाण्याच्या तापमानाने ठरते. समुद्राचे ऋतुमान पूर्वीसारखे राहिले, तर दोहोंची जुळणी टिकते. ते सरकू लागले, तर अंडी घालण्याच्या काळाचा काही भाग बंदीच्या बाहेर पडण्याचा संभव असतो. अंडी घालण्यासाठी एकत्र जमलेले थवे मोठ्या वेढा जाळ्यांत सापडल्यास त्या वर्षीच्या पिढीचे बीजच नष्ट होते. बंदी लांबविल्यास दुसरीकडे रोजच्या मिळकतीवर जगणाऱ्या खलाशांचे, मासळी विकणाऱ्या स्त्रियांचे व बर्फ कारखान्यांतील कामगारांचे नुकसान होते. त्यामुळे या तारखांचा विचार अनुमानावर न होता मोजमापावर होणे दोन्ही बाजूंच्या हिताचे आहे.

असे मोजमाप अवघड नाही. बारीक जाळीच्या प्लवक जाळ्याने ठराविक अंतराने नमुने घेऊन त्यांतील माशांची अंडी व डिंभ मोजता येतात. भ्रूणाच्या अवस्थेवरून व पाण्याच्या तापमानावरून अंडे किती तासांपूर्वी घातले गेले, हे काढता येते. बंदरात येणाऱ्या मासळीतील माद्यांच्या जननग्रंथींची पक्वता तपासल्यास त्याला दुजोरा मिळतो. मिरकरवाड्यासारख्या बंदरात मासळी वर्षानुवर्षे एकाच ठिकाणी उतरते व अभ्यासाची केंद्रेही जवळ आहेत. अशा ठिकाणी पाण्याच्या तापमानाची अखंड नोंद व माशांच्या पक्वतेची नोंद शेजारी शेजारी ठेवली, तर प्रत्येक जातीचा अंडी घालण्याचा काळ कोणत्या दिशेने व किती सरकत आहे, हे कळू शकते. मासेमारीचा हंगाम, बंदीचा अवधी व उबवणी केंद्रांचे वेळापत्रक या तिन्ही गोष्टी ठरविण्यासाठी ही माहिती उपयुक्त ठरते.